मथूचा चढा गंधार

मथू गेल्याचे कार्ड आले त्याला आता दीड महिना होईल. एरवी डाकवाला "माँजी, धार से चिट्ठी" असे गल्लीच्या टोकापासून ओरडत येतो. त्या दिवशी त्याने कार्ड उंबऱ्यात ठेवले आणि मुकाट्याने निघून गेला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्या माळव्यात तसल्या कार्डावरचे अक्षर वाचावे लागत नाही. मी शेवया वळत होते. हात पिठाचा तसाच राहिला, आणि मनात पहिली गोष्ट आली ती ही की, अंतरा राहिला... तिला अंतरा पाठवायचा राहिला. हे मी कुणाजवळ बोलले नाही. रडले तेही शेवया वळत. पण तीन दिवसांपूर्वी जे घडले त्याने माझे सगळे रडणेच उलटे करून टाकले आहे. धड जेवण जात नाही, एका जागी बसवत नाही, आणि हे सारे आनंदाने होते आहे असे सांगावे तर लोक काय म्हणतील. म्हणून या वहीत लिहून ठेवते. माझी मराठी चौथी झालेली आहे, तेवढ्यात मावेल तेवढे लिहीन. घडले काय ते मात्र आधी सांगणार नाही. आस्ताई झाल्याशिवाय अंतऱ्याला हात लावू नये, असे मथूच म्हणायची.

आम्ही दोघी धारच्या, एका भिंतीच्या दोन बाजूंच्या. तिचे वडील दरबारात चिटणीस होते आणि त्यांना सतारीचा फार नाद. रोज दुपारी एक म्हातारे खाँसाहेब त्यांना शिकवायला येत, आणि रोज चिटणीसकाका कचेरीतच अडकलेले असत. खाँसाहेब ओसरीवर बसून पेंगत. मथू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिने एक दिवस सरळ त्यांच्यासमोर सतार नेऊन ठेवली आणि म्हणाली, बाबा येईपर्यंत मला शिकवा. मी दाराआड उभी होते. तिने मला हाताला धरून ओढून शेजारी बसवले. माझ्या आयुष्यात जे जे बरे झाले ते असेच, तिने ओढल्यामुळे झाले.

ही वही कधी कुणाच्या हाती पडली आणि त्याला सतार ठाऊक नसली तर, म्हणून एवढे सांगून ठेवते. सतारीच्या दांडीवर पितळेचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की त्यातले काही पडदे सरकवावे लागतात. कोमल स्वर हवा असला तर पडदा वर खुंट्यांकडे न्यायचा. मी वाजवायला बसण्याआधी सगळे पडदे एकेक करून जागेवर आणायची. मथूला तेवढा धीर कुठला. ती लागेल तेवढाच पडदा सरकवायची, तोही पुरता नाही. पडदा जागेवर पोचायच्या आतच तिची बोटे धावू लागलेली असत. त्यामुळे तिचा कोमल गंधार नेहमी केसभर चढा लागायचा. खाँसाहेब कानावर हात ठेवीत आणि म्हणत, "बेटी, गंधार को घर तक तो पहुँचने दिया कर." मग मी हळूच हात घालून तिचा पडदा केसभर वर सरकवायची, आणि ती माझ्या हातावर चापटी मारायची. लग्ने होईपर्यंत आमचे हेच चालले होते.

लग्न होऊन ती धारमध्येच राहिली, मी देवासला आले. आमच्या गल्लीची एक बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची; दोन महाराज, दोन राज्ये आणि मध्ये एक गटार. तारा विकणारा नेमका समोरच्या बाजूला. मथू पहिल्यांदा आली तेव्हा हसून हसून लोळली. म्हणाली, "गोदे, तुझी ऐट आहे बाई. तार तुटली की परराज्यात स्वारी." माहेरची लहान सतार मी बरोबर आणली होती. ह्यांची ना नव्हती, सासूबाईंचीही नव्हती. फक्त दुपारी, दार लोटून, आणि बाहेर आवाज जाता कामा नये, एवढेच. मला तर तेच हवे होते. चार माणसांपुढे वाजवायचे म्हटले तर माझी नखीच बोटातून गळून पडली असती.

मग मला विषमज्वर झाला. चाळीस दिवस ताप. तो उतरला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि डाव्या हाताच्या बोटांत भांडे धरण्याइतकी शक्ती नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कुणाशी बोलावेसेच वाटत नसे. मथूला कळले तशी ती टांग्यात बसून आली. माझी विचारपूस नाही, रडणे नाही... खुंटीवरची माझी सतार काढली, जुळवली, आणि देस रागातली एक गत वाजवली. तसली गत मी कधी ऐकली नव्हती. पहिला भाग, म्हणजे आस्ताई, तिने तीनदा वाजवली, आणि अंतऱ्याच्या तोंडाशी येऊन सतार खाली ठेवून दिली. मी भिंतीकडून वळले आणि म्हणाले, पुढे? सासूबाई सांगतात की आठ दिवसांत मी बोललेला तो पहिला शब्द. मथू गवसणीची नाडी बांधत म्हणाली, "पुढचं धारला आहे. बोटं चालायला लागली की ये आणि घेऊन जा." आणि खरेच दुसऱ्या दिवशी निघून गेली.

मला इतका राग आला की मी रागानेच उठून बसले. आधी नुसती बोटे पडद्यावर ठेवायची, मग दाबायची. तारेने कातडी सोलायची, पण अंतरा काय असेल याचा विचार डोक्यातून जाईना. दोन महिन्यांनी धारला गेले ती आस्ताई बोटांत घेऊनच. पायही धुतले नाहीत, म्हटले, दे आता अंतरा. ती दारातच खाली बसून हसायला लागली. मग कबूल केले की तेव्हा अंतरा नव्हताच. मी येते आहे असे पत्र आले तशी बसून तिने तो आदल्या दिवशी केला होता. मला हसावे की भांडावे कळेना. शेवटी दोन्ही केले.

त्यानंतर आमचा तो नेमच झाला. जी अंथरुणावर असेल तिला दुसरीने आस्ताई पाठवायची. अंतरा बरे झाल्यावर, समोर बसून. मला फार लिहिता येत नसे, पण सा रे ग म लिहायला असे किती शिक्षण लागते? कोमल स्वराखाली टिंब द्यायचे, बस्स. दोनदा माझा हिवताप असा गेला. मथूला पहिल्यांदा खोकला धरला आणि थुंकीत रक्त दिसले, तेव्हा मीही आस्ताई पाठवली, आणि थंडी सरता सरता ती इथल्या चामुंडेच्या टेकडीच्या नवसाचे निमित्त काढून देवासला हजर. टेकडी राहिली बाजूला, आधी अंतरा घेतला. मला मनातून वाटू लागले होते की गत अर्धी आहे तोवर माणूस जात नाही. देवासारखा विश्वास बसला होता.

मागच्या दिवाळीनंतर ती पुन्हा पडली. या वेळी डॉक्टरने क्षय हा शब्द सरळ उच्चारला. तिला गावाबाहेर मळ्यातल्या खोलीत ठेवले. सोबतीला एक माळीण, आणि तिचे यजमान शाळेतून परतताना जाऊन बसत. सतार उशाशी असायची, पण वाजवायची मनाई. तिची पत्रे आली की सासूबाई ती चिमट्यात धरून कडुनिंबाच्या धुरीवर धरीत आणि मगच माझ्या हातात देत. अजून ती पेटी उघडली की धूर येतो. मी तिला भीमपलासची आस्ताई पाठवली. ही गत कुणाची शिकलेली नव्हती. ही मी केली होती, माझी स्वतःची, जन्मातली पहिली. एवढे मी तिला कळवलेही नाही. फक्त खाली लिहिले की, ओळख कुणाची. तिचे उत्तर आले, "तुझी आहे. इतकं जपून पाऊल टाकणारी दुसरी कोण? सासुरवाशिणीची गत आहे ही, वरच्या षड्जाच्या अलीकडेच पदर घेऊन थांबते. आता अंतरा पाठव, थट्टा पुरे. माझं येणं व्हायचं नाही."

आणि मी पाठवला नाही. अंतरा तयार होता. मसाल्याच्या डब्याखाली कागद घडी करून ठेवलेला होता. पण मला वाटले, तो पाठवला की तिला जायला मोकळीक दिल्यासारखे होईल. मी लिहिले, आधी बरी हो. त्यावर तिचे पत्र आले नाही. आले ते कोपरा फाडलेले कार्ड. मरणाऱ्या माणसाने एक गोष्ट मागितली आणि मी ती डब्याखाली दाबून ठेवली... दीड महिना मी हेच घोकत होते.

तीन दिवसांपूर्वी मथूचे यजमान दरबारच्या कामासाठी देवासला आले, आणि तिची सतार घेऊन आले. गोदीला द्या असे ती सांगून गेली होती. तिच्याच एका जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली होती. मी दाराआडूनच विचारले, कधी वाजवली का हो तिने मळ्यात? ते म्हणाले, "कुठली वाजवणार? डॉक्टरांची मनाई होती. आणि घरात हिला हात लावणारं दुसरं आहे कोण. जशी होती तशी आणली." चहा घेऊन ते गेले. मी लुगडे सोडू लागले तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांचेही खरे होते, घरात नातवंडे आहेत. त्या म्हणाल्या, खालीच ठेव, तारा काढून टाक, पडदे सोडवून उकळत्या पाण्यात घाल, लाकूड राखेने पूस. मोलकरणीने हंडा चढवलासुद्धा. मी हो म्हणाले. मी त्यांना नेहमीच हो म्हणते. तारा उतरवायला खुंटीला हात घातला आणि सहज नजर पडद्यांवरून खाली आली.

मधला गंधार कोमल होता, केसभर चढा. निषाद उतरवलेला. म्हणजे भीमपलास. म्हणजे मना असून तिने माझी आस्ताई वाजवली होती. तेवढ्यानेच माझे डोळे भरले. मग मी शेवटच्या पडद्याकडे पाहिले, अगदी भोपळ्याजवळच्या. तो वरच्या सप्तकातला गंधार. माझी आस्ताई तिथवर जातच नाही, तिनेच लिहिले होते की षड्जाच्या अलीकडे थांबते. तिथे जातो तो अंतरा. आणि तो पडदाही सरकवलेला होता. लागल्याशिवाय जी बाई एक पडदा हलवीत नसे, अंगात खोकायचीही ताकद उरली नसताना तिने तो घट्ट दोऱ्याचा पडदा सरकवला होता. कोमल केला होता, आणि तोही पुरता नव्हे... केसभर चढाच.

तिने वाट पाहिली नव्हती. मी अंतरा देत नाही म्हटल्यावर तिने बसून तो स्वतःच केला होता, देसचा केला होता तसा. मी डब्याखाली काय दाबून ठेवले होते, काहीसुद्धा नाही. मला एकदम हसू फुटले. हातात तिची सतार, चुलीवर आधण, आणि मी वेड्यासारखी हसते आहे. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच पडद्याचा दोरा धरला. या घरात अठरा वर्षे झाली, मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. तो धरला आणि म्हणाले, "पडद्यांना हात लावायचा नाही." आवाज माझा होता हे मलाच खरे वाटेना. त्यांनाही वाटले नसावे. त्यांनी दोरा सोडला. मग म्हणाल्या, बरं, उन्हात तरी ठेव. मुलांना लांब ठेव म्हणजे झालं.

म्हणून तीन दिवस मी अंगणात बसून आहे. वैशाखाचे ऊन, भोपळ्याला ते सोसायचे नाही. म्हणून भोपळा सावलीत आणि दांडी उन्हात, सावली सरकेल तशी सतार सरकवायची आणि तिच्याबरोबर आपणही सरकायचे. मोलकरीण म्हणते, बाई साब तो बाजे को बच्चे जैसा धूप दिखा रही हैं. हसू दे तिला. आज संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच सांगितले की आता घरात घे.

घरात घेतली, दार लोटले आणि आस्ताई वाजवली. पुढे मथूने काय केले असेल ते मला कधीच कळणार नाही. एवढेच कळते की ती त्या शेवटच्या पडद्यापर्यंत गेली होती. माझा डब्याखालचा अंतरा मी वाजवून पाहिला. तो त्या पडद्याला जेमतेम बोट लावून परत फिरतो. तिचा तसा नसणार. ती तिथे ठाण मांडून बसली असणार. मग मीही बसले, एक वळण घेतले, दुसरे घेतले. उद्या तिसरे घेईन. बाकीचे राग आता माझ्या लहान सतारीवर, हिच्यावर एवढा भीमपलासच. तो गंधार कानाला टोचतो, दर वेळी टोचतो, आणि हात आपोआप पडद्याकडे जातो, त्याला केसभर वर न्यायला. मग मी थांबते. आज चारदा थांबले. चापटी बसेल, असे वाटले.