तमिळ मास्तरांना मराठी पत्रिका

हसायचं तर पोटभर हसा, पण कॉफी खाली ठेवून. माझा हा पराक्रम ऐकताना एकदा सांडली आहे!

आमच्या अक्काचं लग्न पुण्यात ठरलं. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलतो मराठी, वाचतो तमिळ. म्हणून पत्रिका दोन तऱ्हेच्या: पुणेकरांना मराठी, इथल्यांना तमिळ.

अप्पांनी बजावलं, "नवऱ्या मुलाच्या मामांचा मान सांभाळ रे. त्यांनीच त्याला वाढवलंय. ते रुसले तर लग्नच अडेल."

"अप्पा, कंप्युटर चुकत नाही!"

तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटर क्लास निघत होते, आणि मी नुकताच एकात शिकवायला लागलो होतो. नव्या एक्सेलमध्ये म्हणे सूत्र लिहून अट घातली की नावं आपोआप रंगतात! कशी रंगत असतील हो? मला चैन पडेना. एका रकान्यात पाहुण्यांची नावं लिहिली, शेजारी भाषा. नावांचा अख्खा रकाना निवडला आणि सूत्र दिलं, =B2="T". म्हणजे शेजारच्या B रकान्यात तमिळचा T असेल तर नाव पिवळं. फटाफट पिवळी झाली की! मग भाषेचा रकाना कशाला? लपवून टाकला.

"पिवळा, तमिळ! पांढरा, मराठी!" मी ओरडायचो, अक्का पाकीट भरून द्यायची, मी पत्ता चिकटवायचो. नावं कोण वाचतंय? मी रंगच बघत होतो.

आठवड्याने शेजारचे तमिळ मास्तर पत्रिका नाचवत आले. "तंबी, जन्मभर तमिळ शिकवलं मी. आणि मला हिंदी पत्रिका?"

बघतो तर मराठी! तेवढ्यात पुण्याहून मामांचा फोन. "आम्ही यायला नको असू, तर तसं मराठीत सांगा की!"

धावत क्लास गाठला. मास्तर पांढरे, त्यांच्या खालच्याच ओळीत मामा, पिवळे! असं कसं? घरी अप्पा कपाळाला हात लावून बसलेले, आणि मला, खरं सांगतो, त्या कोड्याचंच वेड लागलं. अर्ध्या तासाने उलगडा झाला. रकाना पहिल्या ओळीपासून निवडला होता, सूत्रात लिहिली होती B2, म्हणजे दुसरी ओळ. त्यामुळे प्रत्येक नाव आपल्या खालच्याची भाषा बघून रंगलं. कंप्युटर चुकलाच नव्हता!

"मामांना माफीचं पत्र लिही," अप्पा गरजले. "स्वतःच्या हाताने. मराठीत!"

मराठीत! सासरसाठी म्हणून अक्का नुकतीच अक्षरं शिकली होती. तिने काढून दिली, मी तीन दिवस गिरवली आणि पत्र पोस्टात टाकलं.

आणि मामा आले हो! मांडवात मला गाठून त्यांनी खिशातून ते पत्र काढलं. "तुझी तमिळ पत्रिका ऑफिसातल्या अय्यरांनी वाचून दिली. ह्या पत्राचं अक्षर मात्र अख्ख्या पुण्यात कोणाला लागेना. लिहिलंय तरी काय, हे विचारायलाच आलो. वाच!"

मी पत्र हातात घेतलं. मलाही लागेना!