टाकी कोरडी होती

माझा बाप शूर होता. हे मला अगदी लहानपणापासून माहीत आहे, कारण तो स्वतःच ते सांगायचा. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो मुनशी असायचा, म्हणजे मजुरांनी तोडून आणलेले पुडे मोजून घ्यायचा. एका जंगलठेकेदाराने वापरून टाकलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल त्याने घेतली होती. मूल या तालुक्याच्या गावाच्या पुढे, जंगलाच्या पोटात आमचं गाव. तिथे त्या काळी सायकलवाल्यालाही मान होता, मग मोटारसायकलवाल्याचं काय विचारता! रस्त्यात आडव्या बसलेल्या वाघाला आपण नुसती रेस देऊन उठवलं, ही त्याची आवडती गोष्ट. दर लग्नात तो वाघ हातभर लांब व्हायचा.

मी भित्रा होतो. हेही तोच सांगायचा. मी आठ वर्षांचा असताना त्याने मला पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसवून बाजाराला नेलं होतं. परतताना नाल्याच्या वळणावर गाडी थांबवली, मला खाली उतरवलं, म्हणाला, "इथी थांब, आलोच," आणि निघून गेला. वळणापलीकडे जाऊन त्याने इंजिन बंद केलं. जंगल एकदम गप्प झालं. किती वेळ गेला माहीत नाही. तो हसत परत आला तेव्हा माझी चड्डी ओली होती. "टाकीवर नोको बसू बे, पॉलिश जाईन," असं म्हणून त्याने मला उरलेला रस्ता गाडीमागे पळवलं. ही गोष्ट त्याने माझ्या लग्नातसुद्धा सांगितली, माझ्या सासऱ्यासमोर. सगळे हसले, मीही हसलो.

म्हणून सांगतो, जुनी गाडी माणूस प्रेमापोटी दुरुस्त करतो असं काही नसतं. मी बल्लारपूरला फिटर आहे. गेल्या वर्षी बापाची ती गाडी उभी करायचं मनात घेतलं, ते ती त्याच्या हातून काढून घेण्यासाठी. वीस वर्षं ती सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाप पंचाहत्तरीला टेकलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "ने. पनौती हाय ते. पण टाकी नवी बसव, जुनी कायले खरवडत बसतं?" मला वाटलं, नेहमीसारखा शहाणपणा शिकवतोय.

गाडी पनौती का, तेही सांगतो. वीस वर्षांपूर्वी धानकापणीत आईला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, साप चावला. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, गावात नव्हतो. नेमकं काय झालं ते मला आईकडूनच कळलं, आणि नंतर इतक्या वेळा कळलं की पाठ झालं. तिच्या पायाकडे पाहून कोणी विचारलं की ती सांगायची, "दिवस बुडून राह्यला होता. यायनं मले उचलून घरी आणलं. गाडी काढाले गेले, तं टाकी कोरडी! पेट्रोलचा ठेंब नाई. माणूस काय करन सांगा? मंग बंडी जुंपली. पाच-सहा माणसं मशाली घेऊन संग आली. दवाखान्यात पोचलो तं कोंबडा आरवला होता. डॉक्टर म्हणे, तासाभरात आणली असती तं पाय राह्यला असता. पण टाकीच कोरडी, त्याले कोण काय करते? टाकीची चाबी बी त्याच गडबडीत हरपली."

तिचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. पण 'टाकी कोरडी' म्हणताना तिच्या आवाजात तक्रार नसायची. उलट बापाची वकिली असायची. कोणी त्याला बोल लावायच्या आत ती ते वाक्य पुढे करायची. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाने नंतर तिची सेवा केली. तिला उचलून न्हाणीत न्यायचा. रोज दिवेलागणीला मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिच्या तुटक्या पायाला चोळायचा. ती तेवढा वेळ डोळे मिटून बसायची. आयुष्यात गाजावाजा न करता केलेली त्याची ही एकच गोष्ट होती, आणि आईच्या हाती उरलेलं सुखही तेवढंच.

आता टाकीकडे येतो. वीस वर्षं पडलेली टाकी म्हणजे आत गंजाचे पापुद्रे, हे गृहीतच होतं. मी तयारीने गेलो होतो. ॲसिडचा कॅन, किलोभर जुने नटबोल्ट, सायकलची चेन. नटबोल्ट आणि चेन आत टाकून टाकी तासभर हलवायची, मग ॲसिड फिरवायचं, मग सोड्याने धुवायची. झाकणाला कुलूप आणि चावी हरवलेली, म्हणून ड्रिलने कुलूप फोडलं. बाप समोर बाजेवर बसून बघत होता. झाकण उघडलं, मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि मला काही कळेना.

तोंडाखाली दोन बोटं रुंदीची गंजाची पट्टी होती. तिच्याखाली एक सरळ रेघ, टाकीभर, अंगणात सारवणाची कड दिसावी तशी. रेघेच्या खाली गंज नावालाही नाही. सगळीकडे तपकिरी, चिकट थर. खालचा कॉक खोलला तर काकवीसारखं घट्ट काहीतरी थेंब थेंब गळायला लागलं. वासाने डोकं उठलं.

माझं पोट याच कामावर भरतं. रिकामी टाकी आतून गंजते, कारण रिकाम्या जागेत दमट हवा असते. चार पावसाळ्यांत तळाला भोकं पडतात. भरलेली टाकी गंजत नाही. पेट्रोल झाकणाच्या बारीक छिद्रातून वर्षानुवर्षं उडत जातं, आणि मागे डिंकासारखा थर राहतो. तो थरच पत्र्याला सांभाळतो. ही टाकी वरची दोन बोटं सोडली तर गच्च भरलेली होती. आणि झाकण त्या दिवसापासून बंद होतं.

मी मान वर केली. बाप माझ्याकडे बघत नव्हता. कोंबड्यांना हुसकत होता. तेव्हा कळलं की त्याला नवी टाकी का हवी होती, चावी कशी हरवली, आणि गाडीचा एवढा शौकीन माणूस वीस वर्षं पायी का हिंडला. गाडी पुन्हा सुरू केली असती तर पितळ उघडं पडलं असतं.

मी झाकण परत लावलं. टाकी बल्लारपूरला आणली. चार रविवार थिनर घालून घालून तो थर सोडवला, बाहेरचा जुना रंग पत्र्यापर्यंत घासून काढला. पण आत तोंडापाशी गंजाची पट्टी आणि खालची रेघ मुद्दाम ठेवली. मग ती नागडी टाकी घेऊन गावी गेलो, रंग द्यायला. बल्लारपूरला पेंटर नाहीत का? हवे तेवढे आहेत. पण मला ते गावातच व्हायला हवं होतं, दोघांच्या समोर. कोणी तरी परका माणूसही हवा होता. माझीही गोष्ट परक्यांसमोरच सांगितली गेली होती.

गावात ट्रॅक्टरवर नावं रंगवणारा एक पेंटर नवीनच राहायला आला होता. त्याला बोलावलं. सकाळची वेळ. आई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती, बाप बाजेवर. पेंटरने चहा घेता घेता विचारलं, जे मला हवंच होतं, "बाई, पायाले काय झालं जी?"

आईने सगळं सांगितलं. साप, बंडी, मशाली, कोंबडा, हरवलेली चावी. "टाकीच कोरडी, माणूस काय करन?" ती म्हणाली आणि बापाने नेहमीप्रमाणे मान हलवली.

मी टाकी पेंटरच्या मांडीवर ठेवली आणि टॉर्च दिला. "जरा आत पाहा बरं, रंग द्यायच्या आधी."

त्याने पाहिलं. "वरतं गंज, खाली चकाचक. हे असं कसं?"

मी त्याला समजावलं. शाळेत मास्तर समजावतो तसं, सावकाश. रिकामी टाकी कशी गंजते, भरलेली का नाही. पेंटर हुशार निघाला.

"म्हंजे टाकी गच्च भरून ठेवली होती म्हणा! कवापासून?"

"झाकणाची चावी हरवली तेव्हापासून."

बिचाऱ्याने नुकतीच चावीची गोष्ट ऐकली होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो पिशवीत ब्रश शोधायला लागला.

आईचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बापाला विचारलं, "हाव का जी?"

बाप बाजेवरून पाय खाली सोडून बसला. मग म्हणाला, "त्या आठवड्यात नाल्यापाशी गुराख्याले नेलं होतं वाघानं." पायातली कोंबडी हुसकली. "गाडीवर तू अन् मी, दोघंच. तू तं बेसुद होत होती. बंडीसंग माणसं रायतीन म्हणलं, मशाली रायतीन. मले भेव लागला."

गुराख्याचं खरं होतं. तेव्हा सगळ्या भागात भीती होती, संध्याकाळी दुचाकीवर कोणी निघत नव्हतं. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, तिथे माझ्या बापाने काय करायचं होतं? पण गाडी चालवता येणारे गावात आणखी दोघं होते. मला भीती वाटते एवढं तो बोलला असता तर त्यांतला कोणी तरी तिला घेऊन गेला असता. तेवढं त्याच्याने बोलवलं नाही, आणि पाय गेला. माझ्या अंगाची लाही झाली होती. पण रागाने बोललो असं मी म्हणणार नाही. ते वाक्य मी चार आठवडे तयार ठेवलं होतं.

"बाबा," मी विचारलं, "चड्डी ओली झाली होती काय?"

बापाची हनुवटी हलायला लागली. म्हाताऱ्यांची हलते तशी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आई कुबडी घेऊन उठली. सूप कलंडलं, लाखोळी अंगणभर झाली, कोंबड्या धावल्या. ती आत गेली. पेंटर टाकी उचलून "उद्या देतो" म्हणत निघून गेला.

त्या संध्याकाळी बाप तेल कोमट करून तिच्याजवळ गेला. तिने लुगडं पायावर ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तो वाटी हातात धरून उभाच राहिला. तेल निवलं तेव्हा त्याने ते परत बाटलीत ओतलं.

सकाळी मी निघायच्या तयारीत होतो, तेव्हा आई मला म्हणाली, "हे मले काऊन सांगतलं तुनं?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तुले पायजे होतं. मले कायले देल्लं?"

मी बूट घालायला वाकलो. ती म्हणाली, "पाय तं गेलाच होता. वीस वर्सं माह्यापाशी एक माणूस तं होता. तो बी नेला तुनं." मग तिने माझ्या डब्यात भाकरी बांधून दिली.

गाडी छान झाली. टाकी मूळच्याच लाल-काळ्या रंगात, त्यावर सोनेरी रेघ. बल्लारपुरात लोक थांबवून विचारतात, टाकी मूळची आहे का. मी हो म्हणतो. घरी गेलो की आई-बाप एकाच सपरीत दोन टोकांना बसलेले दिसतात. ती त्याला ताट वाढते, पण 'जेवा जी' म्हणत नाही. त्याच्या हाताने न्हाणीतही जात नाही, कुबडीवर जाते, दोनदा पडली. कोणी पायाबद्दल विचारलं तर म्हणते, "साप चावला." पुढे काही नाही. तेलाची बाटली कोनाड्यात आहे. मागच्या महिन्यात मीच ती काढून कोमट करायला घेतली. "ठेव तिथी," ती म्हणाली. मी म्हटलं, राहतो आज, उद्या जाईन.

तिने सपरीतून गाडीकडे पाहिलं. उन्हं कलली होती.

"टाकीत पेट्रोल हाय ना?"

"हाय. फुल हाय."

"मंग जाय. उजेड हाय तवरच जाय. त्या रस्त्यावर वाघ रायते."

मी बाटली कोनाड्यात ठेवली आणि गाडीला किक मारली. टाकी भरलेली होती. थांबायला काही निमित्तच नव्हतं.