उन्हात ठेवलेली पुस्तकं

पुस्तक हातात आलं की मामा ते आधी उलटं करायचे. तळहात सदऱ्याला पुसायचे, मागचा पुठ्ठा उघडून शेवटचं पान माझ्यापुढे सरकवायचे आणि 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली उभे राहून ओरडायचे, "बाई, शेवट वाचा की!"

मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. आमच्या सोलापुरात चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही पुरुषाला मामा म्हटलं की भागतं, तसे ते मामा. मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची. लग्न जमत नव्हतं म्हणून घरच्यांनी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसवलेली, आणि त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेली. दोन खोल्या, आठ कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आणि त्या टेबलापाशी पेंगणारी पेन्शनर मंडळी. सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. गिरणीचा भोंगा झाला की अर्ध्या तासात मामा दारात हजर. केसांत, भुवयांत, कानांवर कापसाचा भुगा.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यावर भडकलेच. एक तर एवढ्या मोठ्यानं बोलणं. त्यात मी बोलायला लागले की हा माणूस माझ्या डोळ्यांकडे नाही, टक लावून तोंडाकडे बघत होता. मी तडक आमच्या ग्रंथपालांकडे गेले. म्हटलं, "हा माणूस बरा दिसत नाही. माझ्या तोंडाकडे बघतो." ग्रंथपाल म्हातारे, शांत. ते म्हणाले, "बघू द्या हो. पुस्तक तर नेतोय ना?" मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

पुस्तक निवडण्याची मामांची तऱ्हा तुम्ही बघायला हवी होती. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. सांगोल्याकडचे ते, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. पण पुस्तक पसंत करायला ते असे बसायचे, जणू घरात सून आणायची आहे. आधी पुस्तक एका हातावर तोलायचे. जड असलं की बाजूला. मग मधलं पान उघडून हात लांब करून बघायचे. अक्षर बारीक असलं की बाजूला. या दोन्हीतून पास झालेल्या पुस्तकाचा शेवट मी वाचायचा.

"मजेचं पायजे बगा, बाई. मेल्यालं नको. रडारड नको. शेवटाला समदी घरात पायजेत."

मी शेवट वाचायची, तोही मान वर करून, घसा ताणून, कारण त्यांना ऐकू येत नाही एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. साऱ्या वाचनालयाला शेवट कळायचा. एक निवृत्त गुरुजी होते. महिनाभर एका रहस्यकथेसाठी ताटकळले होते. त्यांचा नंबर लागायच्या आदल्या दिवशी मामांनी तेच पुस्तक उचललं आणि खून दिवाणजीनं केला हे मी अख्ख्या खोलीला ओरडून सांगितलं. गुरुजींनी वर्तमानपत्र आपटलं, "अहो, काय चाललंय काय इथं!" मामा त्यांच्याकडे बघून खूश होऊन म्हणाले, "गुरुजी, घ्या तुमी. चांगलं हाय. चोर सापडतो." गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग पुस्तकांची तक्रार सुरू झाली. मामांकडून आलेलं प्रत्येक पुस्तक पापडासारखं वळलेलं असायचं. पुठ्ठे वर उचललेले, पानं करकरीत. कमिटीतल्या एकानं मला झापलं, तेव्हा मी तो राग मामांवर काढला. "मामा, पुस्तकं काय पत्र्यावर वाळत घालता काय?"

"व्हय," मामा म्हणाले. "घालतो की."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"बायकोला छातीचं दुखणं हाय, बाई. टीबी. दोन वर्सं झाली, खाटंवर हाय. ती वाचती. डॉक्टर म्हणला, ऊन लागलं की रोग मरतो. म्हणून आणायच्या आदी एक दिवस पत्र्यावर ठेवतो, पान पान उलटून. दुसऱ्याच्या घरात पोरंबाळं असत्यात."

त्या दिवशी मी त्यांना स्टूल दिलं. तोवर कधी दिलं नव्हतं, हे मला आज सांगायलाही लाज वाटते. बसल्यावर ते सांगत गेले. बायको अक्कलकोटची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर गोष्टी वाचून दाखवायची ती, आणि मामा ऐकायचे. पुढे वीस वर्षं मागांच्या खडखडाटात मामांचे कान गेले.

"मग आता कसं ऐकता?"

"तोंड बगून. खात्यात आमी समदी तसंच बोलतो. माग चालू असला की कोन कुनाचं ऐकतंय? तुमी उगं वरडता, बाई. मला काय ऐकू येत न्हाय. तुमी नुसतं वाचलं तरी कळतंय."

म्हणजे मी दीड वर्ष घसा फोडत होते तो फुकटच! मला हसू आलं, आणि त्यांच्या बघण्याची मी केलेली तक्रार आठवून कानशिलं तापली. मामा मात्र आपल्याच नादात होते. "दुखण्यानं तिचा आवाज गेला. नुसतं ओठ हालत्यात. शेजारची बाई खाटंला कान लावती तरी तिला कळत न्हाय. मला समदं कळतं. तिचा आवाज गेला, माझं कान गेलं. जमतंय की."

शेवट गोड का हवा, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. सुरुवातीला कुठल्या तरी शेजाऱ्यानं एक कादंबरी दिली होती. त्यातली बाई शेवटी खोकून खोकून मेली. ते वाचल्यावर बायको दोन दिवस जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "पुना तसं नको, बाई. पुस्तक हाय तवर ती उठून बसती. उद्या काय हुतंय बघू, म्हणती. उद्या म्हणती ती. तेवडंच पायजे मला."

त्यानंतर मी कामाला लागले. दुपारी डबा खाता खाता कपाटामागून कपाट काढून शेवटची पानं वाचू लागले. तेव्हा मला कळलं, की आमच्या लेखकमंडळींना शेवटी कुणाला तरी मारल्याशिवाय चैनच पडत नाही. जी जगतात ती संन्यास घेतात. हलकं पुस्तक, ठळक अक्षर आणि सगळी माणसं घरात, असं पुस्तक मिळालं की मी ते चोरासारखं माझ्या खणात दडवून ठेवायची. गुरुजीसुद्धा राग विसरून मदतीला आले. लहान मुलांच्या कपाटातून पुस्तकं शोधून म्हणायचे, "हे बघा, यात लग्न लागतं."

पण आठच कपाटं ती. संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याच्या जत्रेपायी वाचनालय ओस पडलं होतं, त्या आठवड्यात माझा खण रिकामा झाला.

मामा आले. दाढी वाढलेली. "बाई, तिला लई घाई झालीय. जुनं पुस्तक पुना देऊ का म्हणलं, तर नको म्हणती. नवीन पायजे." त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक स्वतःच काढलं. तोललं, अक्षर बघितलं, खूश झाले आणि उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. "शेवट वाचा की."

मी ते पुस्तक ओळखत होते. नवरा परमुलखात जातो, बायको वर्षानुवर्षं वाट बघते. शेवटच्या पानावर तो परत येतो, दार वाजवतो, वाजवत राहतो, आणि दार उघडत नाही. आत ती संपलेली असते.

मी मान खाली घालून, पानाकडे बघत म्हटलं, "नवरा परत येतो. दार वाजवतो. ती दार उघडते."

"मग?"

"मग काही नाही. संपलं. गोड आहे."

मामांनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक पिशवीत घालून गेले. मी स्वतःला समजावलं, की तिथवर पोचायला तिला आठ-दहा दिवस लागतील, तोवर मी दुसरं शोधीन, मधेच बदलून देईन. खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे तीन आठवडे मामा आले नाहीत. मी रोज भोंग्याची वाट बघायची आणि तो झाला की दाराकडे बघायची. आले ते डोकं भादरलेले. भुवयांत कापूस नव्हता. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच हळू बोलले.

"गेली ती. वीस पानं राह्यलीत. अर्ध्यात सोडायची न्हाय ती कदी. तेवडी वाचा, बाई."

आम्ही मागच्या खोलीत बसायचो, खिडकीपाशी, माझ्या तोंडावर उजेड पडेल असे. मी रोज पाच पानं वाचायची. आवाज न करता, नुसते ओठ हलवून. मामा समोर स्टुलावर. पुढच्या खोलीत गुरुजी बसलेले असायचे, कुणी पुस्तक मागायला आलं तर त्याला हातानंच थांबवायचे. तीन दिवस मी वाचत होते आणि तिन्ही रात्री मला धड झोप नव्हती, कारण चौथ्या दिवशी शेवटचं पान येणार होतं.

ते आलं. नवरा गावात शिरला, गल्लीत वळला, दारापाशी आला. त्यानं दार वाजवलं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "आणि तिनं दार..."

मामांनी पानावर हात ठेवला. बोटांना सुताचे जुने कापे होते.

"तोंड वर करा, बाई. लिवलंय त्ये वाचा."

मी वाचलं. दार उघडलं नाही, हे मी त्यांच्याकडे बघून वाचलं. वाचताना मला रडू कोसळलं. ते मात्र शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "तवा तुमी मान खाली घातली की. इतक्या पुस्तकांत कदी घातली न्हवती."

"मग नेलंत कशाला?"

"दुसरं न्हवतं न्हवं. रिकाम्या हातानं कसं जाऊ?" त्यांनी पुस्तक मिटलं. "आन तिला बी म्हाईत हुतं. पुस्तक घरात आलं की ती बी आदी शेवटचंच पान बगायची. ह्येचं बगितलं आन मिटलं. मी इचारलं, गोड हाय का? व्हय म्हणली, लई गोड हाय. तोंड भिंतीकडं करून म्हणली. ओठ दिसलं न्हाईत, खरं तर मला कळलंच न्हाय ती काय म्हणली. पण व्हयच म्हणली असंल."



निघताना त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी सवयीनं पानं चाळली. पानं सरळ होती, पुठ्ठे जागच्या जागी. मी त्यांच्याकडे बघितलं.

"ह्येला ऊन न्हाय दाखिवलं," मामा म्हणाले. "पत्र्यावर नेलं हुतं. ठेववलं न्हाय. कपाटात ठिवू नका, बाई, पोराबाळांच्या हातात जाईल. तुमी दाखवा ऊन."

मामा पुन्हा वाचनालयात आले नाहीत. गिरणी सोडून गावाकडे गेले, असं गुरुजींना कुणी तरी सांगितलं. त्या पाटीखाली मग खरोखरच शांतता झाली आणि मला ती खायला उठायची.

मामांनी पुस्तक दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते घेऊन गच्चीवर गेले होते. सोलापूरचं ऊन ते, तासाभरात काम झालं असतं. कठड्यावर पुस्तक उघडं ठेवलं. चौऱ्याहत्तराव्या पानावर, ती थांबली तिथं, कोपरा जरासा दुमडलेला होता. मी पुस्तक उचलून खाली आणलं आणि नोंदवहीत त्याच्यापुढे 'गहाळ' असं लिहिलं.

ते माझ्याकडे आहे. पानं अजून सरळ आहेत.