वाटीखालचा आकडा

ऐन मे महिन्यात सबनीस पंखा बंद करायचे. ठाण्यातल्या आमच्या मीटरच्या कारखान्यात माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे घाम पुसायची पहिली पाळी माझी. त्यांच्या टेबलावर एक छोटं सर्किट, त्यावर उपडी घातलेली स्टीलची वाटी आणि शेजारी त्याचं व्होल्टेज दाखवणारा मीटर.

"वारा लागतो हो त्याला," बाळंतिणीबद्दल बोलावं तशा सुरात ते म्हणायचे.

"आणि आम्ही उकडून मरायचं?" मी खेकसायचे.

"काळेबाई, तुमचा आकडा कुठे मोजायचाय?"

मी आपली फायलीने वारा घेत बसायचे.

त्यांचा ध्यास एकच. साध्या सुट्या भागांतून असं व्होल्टेज उभं करायचं, जे उन्हावाऱ्याने तसूभरही हलणार नाही. बाजारात आयती चिप मिळते, असं मी शंभरदा सांगितलं असेल. "आयतं श्रीखंडही मिळतं. आमची ही अजून चक्का टांगतेच ना?" तापलं की झेनर डायोडचं व्होल्टेज चढतं, ट्रान्झिस्टरचं उतरतं. सबनीस त्या दोघांना दोऱ्याने घट्ट बांधायचे, म्हणजे दोघांना ऊब सारखीच लागेल आणि एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात जिरेल. मग ते सर्किट महिनोन्महिने चालूच ठेवायचं. "मुरू दे. बंद केलंत की परत पहिल्यापासून." एवढं करूनही मीटरवरचा शेवटचा आकडा हलायचाच. "छे!" म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पुन्हा सोल्डरिंगला बसायचे.

निवृत्तीनंतर हा सगळा संसार कळव्याला त्यांच्या घरी गेला. पुढे ते आजारी पडले आणि डॉक्टरांनी हात टेकले. मी भेटायला गेले, तर आजाराबद्दल एक अक्षर नाही. "ह्या वेळी रेझिस्टर बदललाय. एक अख्खा दिवस शेवटचा आकडा हलला नाही ना, की मी सुटलो."

मला असा संताप आला! "आधी औषध घ्या हो," मी म्हटलं. सबनीसवहिनी उठून आत निघून गेल्या.

हॉस्पिटलात नेताना त्यांनी वहिनींना बजावलं होतं, "त्या खोलीतला पंखा लावू नकोस हं." तिथून ते परत आले नाहीत.

दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा मी पुन्हा कळव्याला गेले. भर दुपार होती. आतल्या खोलीत नुसती भट्टी, आणि वहिनी घामाने निथळत मीटरसमोर बसलेल्या. माझा हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला.

"नको!" त्या ओरडल्याच. मग मीटरवरची नजर न काढता हळूच म्हणाल्या, "काल सकाळपासून बघतेय. शेवटचा आकडा एकदाही हलला नाही."

मला रडू आवरेना. त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"आता सांगू कोणाला?" वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघी घाम पुसत तशाच बसून राहिलो. पंखा लावायचं कोणाच्याच मनात आलं नाही.