ब्राँझचे पुढारी

"पुढारी ब्राँझचा झाला की बोलायचा थांबतो. तवाच त्याच्याशी जमतं," असं म्हणत भाऊसाहेब पदकावर तोंडाची वाफ सोडायचे आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायचे.

सांगलीला विश्रामबागेत आमची जमीन मोजणीची कचेरी होती. हे तिथले हेडक्लार्क, मूळचे जतकडचे. घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. यांनी पुढारी राखले. बादशहा, लाटसाहेब, स्वातंत्र्यलढ्यातले मोठे लोक, ज्यांचं म्हणून पदक किंवा चेहऱ्याची पाटी निघाली ते सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले. जिवंतपणी ज्यांचं पटलं नाही, त्यांना मुद्दाम एकाच चिंधीत बांधत. "भांडा म्हणावं आता."

देत कुणालाच नसत. साहेबांनी एकदा टेबलावर कागद दाबायला राणीची पाटी मागितली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. तिनं लय दाबलंय."

आमचा शिपाई सखाराम काही वर्षांपूर्वी घरादारासकट बौद्ध झालेला. एकदा डबा उघडा दिसला, तेव्हा त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, समदी हायती. आमचे बाबा न्हाईत व्हय?"

भाऊसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं.

पुढची दोन वर्षं ते रहिमतपूरच्या बाजारापासून साताऱ्यापर्यंत तांबटांची दुकानं धुंडाळत होते. शेवटी साताऱ्यात एकाच्या मोडीत बाबांची वीतभर पाटी सापडली, चष्म्यासकट. मी सोबत होतो. तांबट म्हणाला, "पैसं नकोत. मला वतायला धातू पायजे. वजनाला वजन द्या."

दाखवायला म्हणून भाऊसाहेबांच्या पिशवीत चार-पाच नग असतच. त्यांनी पारड्यात लाटसाहेब टाकला. तराजू हलला नाही. मग बादशहा टाकला. मग जरा थांबून ती राणी.

"बघा," मला म्हणाले, "एका बाबांना तीन गोरे लागले."

दुसऱ्या दिवशी सखारामनं पाटी दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मग म्हणाला, "तुमच्या डब्यात ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. मी बघत जाईन."

"डब्यात कशाला? घरात भिंतीवर लाव. पोरं बघतील."

पुढं भाऊसाहेबांची साताऱ्याला बदली झाली आणि वर्षाच्या आत ते गेल्याचं कार्ड आलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीवर निघताना, सांगलीच्या एसटी स्टँडवर. सखाराम डबा उचलायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"ठेव खाली. गोऱ्यांचं ओझं तू वाहायचं न्हाई."

आणि स्वतःच धापा टाकत तो डबा घेऊन गाडीत चढले. गाडी हलली तेव्हा दोन्ही हात मांडीवरच्या डब्याभोवती होते. निरोपाला नुसती मान हलवली.