बांगडीवाली माप विचारत नाही

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसला शहरात यायला तासभर लागतो. बाकीच्या पोरी डुलक्या घेतात, मी मोबाइलवर कथा लिहिते. कथा लिहायच्या-वाचायच्या एका ॲपवर तेव्हा माझी मालिका चालू होती. नायिका होती बांगड्या विकून दोन लेकरं वाढवणारी विधवा. वाचक थोडेच होते, पण 'पुढचा भाग कधी?' एवढं कुणी विचारलं तरी माझा दिवस चांगला जायचा.

पाचव्या भागाखाली एक प्रतिक्रिया आली. 'बांगडीवाली माप विचारत नाही. हात हातात घेते.'

मी दुर्लक्ष केलं. सहाव्या भागाखाली पुन्हा तीच व्यक्ती. 'दुकानात कुणी बांगडी फुटली म्हणत नाही. वाढवली म्हणतात.'

हे तर माझी आईसुद्धा म्हणते! मला माहीत असून मी चुकले होते, म्हणून जास्तच झोंबलं. रागारागात उत्तर टाकलं, 'एवढं कळतं तर तुम्हीच लिहा की.'

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. 'शहागंजात माझं दुकान आहे. सुट्टीला या. हात बघते.'

आठवडाभर मी एक ओळ लिहिली नाही. मग सुट्टीच्या दिवशी गेलेच. घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत एक चिंचोळं दुकान, भिंतीला छतापर्यंत बांगड्यांचे डबे, आणि गादीवर चष्मा लावलेली पन्नाशीची बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"इत्तीशी पोरगी? मला वाटलं कुणी मास्तरीण असंल. बस बेटा."

माफी कशी मागावी याचा विचार मी वाटेत केला होता. ती वेळच आली नाही, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भाचीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला आलेली, फुलंब्रीकडची एक शेतकरीण. काम करून करून हात कडक झालेले. दुकानातल्या बाईंनी तिचा पंजा हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा एकदाच दाबला आणि न बघता मागचा डबा ओढला.

"भाची कुणाची, भावाची का बहिणीची?"

"बहिणीची. धाकटीची."

"आन् नवरदेव काय करतो?"

ती शेतकरीण नवरदेवाचं कौतुक सांगत राहिली. तिचं सांगून होईपर्यंत सहा बांगड्या चढल्या होत्या.

ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बोलण्यात गुंतली की हात ढिल्ला पडतो. गप्प बसली की आवळतो. हे तुझ्या गोष्टीत नाय."

मी तिथंच बसून पाचवा भाग दुरुस्त केला. त्यांनी तो वाचला आणि मान हलवली. मग थोडा वेळ डबे उगीच इकडचे तिकडे करत राहिल्या.

"तू म्हणली होतीस ना, तुम्हीच लिहा," त्या हळूच म्हणाल्या.

"मी रागात बोलले होते, आपा." शेजारचे दुकानदार त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणत होते; मीही तेच उचललं.

"मी लिहिलंय."

गल्ल्याखालून त्यांनी शाळेची एक दोनशे पानी वही काढली. चार गोष्टी. खेड्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेलं ते टपोरं अक्षर. पहिली गोष्ट माहेरी आलेल्या एका बहिणीची होती. ती चार दिवस राहायला आली आहे की कायमची आली आहे, हे घरात कुणी विचारत नाही. वाचता वाचता मी हातातला चहा विसरले.

"ही टाकू या ना ॲपवर!"

"घरचे काय म्हणतील? वाचणं वेगळं, बेटा."

तीन सुट्ट्या त्या नाही म्हणत होत्या. चौथ्या सुट्टीला मी गेले तर वही उघडून बसल्या होत्या. "घे. पन मी सांगते, तू टाइप कर."

गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात आम्ही ते काम केलं. एका जागी मी 'आहे' केलं.

"माझी बाई 'हाय' म्हणंल."

"वाचकांना खटकेल, आपा."

"खटकू दे. ती तशीच बोलती."

'हाय' राहिलं.

माझ्या खात्यावरून गोष्ट टाकली त्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी मेसेज करून विचारायचं सोडलं, आणि मलाच अपराधी वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी बसमध्ये मोबाइल वाजला. गोष्टीखाली पहिली प्रतिक्रिया आली होती, कुणा अनोळखी बाईची. 'माझ्या मोठ्या बहिणीला मीही कधी विचारलं नाही. आज फोन केला.'

मी घरी न जाता सरळ शहागंजात उतरले आणि ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून ओढणीनं पुसत बसल्या.

"खरंच फोन केला म्हनती?"

"व्हय."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच घरी सांगून टाकलं. नवरा 'बरं' म्हणून जेवत राहिला. सुनेनं मात्र जेवण वाढता वाढता मोबाइल मागून घेतला आणि उभ्या उभ्या सगळी गोष्ट वाचली. "अम्मी, त्या बहिणीचं पुढं काय झालं?" असं तिनं विचारलं.

"पुढचं मी सोचलंच नव्हतं," बाई मला सांगत होत्या. "आता रोज दुपारी दुकानात थोडं थोडं लिहिते. सुनेला लई घाई हाय."