लाल भाताचं बियाणं

माझा स्वभाव संशयी. वय झालं तरी तो गेलेला नाही, आणि मिरवावा असाही तो नाही.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी भिवंडीजवळच्या शेलार गावात आले, ती माहेरच्या लाल भाताचं बियाणं सोबत घेऊन. आमच्या खालच्या शेतात गुडघाभर पाणी साचायचं, तिथे हाच भात तग धरायचा. गावात तेव्हा घरागणिक भात वेगळा. कुणाचा पेजेचा, कुणाचा वासाचा, तर चुलत जाऊबाईंचा काळ्या तुसाचा, वरकस जमिनीत थोड्या पाण्यावर येणारा. मग सरकारी बियाण्याच्या पिशव्या आल्या. नवरा भिवंडीत कापडाच्या लूमवर शिफ्ट करायचा. त्याला सगळीकडे एकच बी आणि एकदाच कापणी हवी होती. माहेरी भावाने तर शेतातच लूमची शेड घातली. लाल भात उरला तो माझ्याकडे, पेंढ्यात बांधून आढ्याला टांगलेल्या मुड्यात.

जाऊबाई ते बी मागायला आल्या. यांना आत्ताच कसं सुचलं? उद्या गावभर आपलंच म्हणून सांगतील! पण बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही गावची रीत. मी "उद्या देते" म्हटलं, शेरभर भात उकडला, वाळवला आणि हसत त्यांच्या सुपात ओतला. उकडलेला भात रुजत नाही. त्यांनी तो निरखूनसुद्धा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी पेरणीला मुडा उतरवला तर हलका लागला. आत नुसती फोलपटं. उंदराचं भोक समोर दिसत होतं, तरी मला वाटलं, हा जाऊबाईंनी उगवलेला सूड. तरातरा त्यांच्या घरी गेले, कोपरान् कोपरा नजरेने धुंडाळला आणि खोचकपणे विचारलं, "लाल भाताचं बी हाय का तुमच्याकडं?"

त्यांचा चेहरा पडला. "तू दिलेलं रुजलंच न्हाय गो. तुला सांगाया लाज वाटली. येवढं मायेनं दिलंस, नि मी नासवलं. माझे हाताला गुण न्हाय. तवापासून मी बियाण्याला हात लावत न्हाय."

"आणि तुमचं काळ्या तुसाचं?"

"ते कोन पेरनार? कांडून खाल्लं. आता पिशवीचंच आनतात."

त्यांनी चहा टाकला, मी तो प्यायले. मला माझीच किळस आली, पण खरं सांगायला तोंड उघडलं नाही. पुढे त्या होत्या तोवर दरवर्षी पेरणीला मला बोलवायच्या आणि पिशवीतल्या बियाण्याची पहिली मूठ माझ्याकडून टाकून घ्यायच्या. माझ्या हाताला गुण आहे म्हणायच्या.